वयाला साजेशा शब्दांत

पेट्रोल भरून झालं, पैसे देऊन झाले, आणि गाडीत बसता बसता मोआबीला वाटलं, गाव अजून तासाभरावर आहे, पोरीच्या तोंडात काहीतरी असावं. एवढंच वाटलं त्याला, त्यात वाईट काही नव्हतं. दार उघडंच ठेवून तो मागच्या सीटवरच्या भाचीला म्हणाला, "बोनोलो, बस हं इथंच. मी पटकन गोळ्या घेऊन येतो." तो पंपाच्या दुकानाच्या दिशेनं थोडा गेला असेल नसेल, तोच मागून एक आवाज आला. गाडीखाली कुत्रं सापडलं असावं असं समजून तो वळला. कुत्रं नव्हतं. बोनोलो होती. दोन्ही तळवे काचेवर आपटत ती किंचाळत होती आणि तिचं तोंड इतकं उघडं होतं की आतल्या पडलेल्या दातांच्या जागा आणि नवे येणारे दात सगळं दिसत होतं. "नको मामा! नको! मला गोळ्या नकोत! मला गोळ्या आवडतच नाहीत!" पेट्रोल भरणाऱ्या बाईनं नळी हातात धरून त्याच्याकडे बघितलं. "काय हो रा, मारलंत की काय लेकराला?" ती म्हणाली; इकडं मोठ्या पुरुषाला मानानं रा म्हणतात, बाईला मा. खाबोरोन शहराच्या या टोकाला सकाळी गाड्यांची रांग लागते, आणि रांगेतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मोआबी धावत परत आला, मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसला. तिनं त्याच्या कोटाची बाही दोन्ही मुठींत पकडली आणि ती काही केल्या सोडेना. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, परत वाजवला, मग त्याला काय कळलं कोण जाणे, तो गाडी वळवून दुसऱ्या रांगेत गेला.

मोआबीला सगळं कळलं होतं. कळायला काही उरलंच नव्हतं. हिवाळ्यात, इकडचा हिवाळा जून-जुलैचा, त्याची बहीण सेथुन्या इस्पितळात गेली ती तिथंच संपली, आणि त्या दिवशी त्याची आई गावाहून आली, फाटकाशी उभ्या असलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझी आई ना, गोळ्या आणायला गेलीय." इथं मुलांना असंच सांगतात. कुणी मेलं की मेलेलं माणूस गोळ्या आणायला जातं. आईला तिच्या लहानपणी हेच सांगितलं होतं, आईच्या आईलाही हेच सांगितलं असणार, आणि तेव्हा तर गावात दुकानही नव्हतं. बोनोलोनं विचारलं होतं, "कुठल्या दुकानात?" आई म्हणाली होती, "लांबच्या." आणि मोआबी तिथंच उभा होता, गाडीची किल्ली हातात घेऊन, आणि तो काही बोलला नव्हता. पुढं कितीतरी दिवस पोर संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहायची. मग एक दिवस जायची थांबली. त्याच्या बायकोला, गोसेगोला, तेव्हा बरं वाटलं होतं. रुळली बिचारी, असं ती म्हणाली होती. घरात गोळ्यांचा डबा तसाच भरलेला राहायला लागला, तेही त्यांनी बघितलं होतं आणि दातांच्या दृष्टीनं चांगलंच झालं असं म्हणून सोडून दिलं होतं.

आणि हा मोआबी कोण, तर बालहित धोरणाचा मसुदा ज्यांनी लिहिला त्यांतला एक. खात्यात त्याच्या टेबलावर गेली दोन वर्षं दुसरं काही नव्हतं. मुलांची सुरक्षितता, मुलांचं मन, शाळेतली छडी, घरातला मार, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, सगळं त्यात होतं, आणि अकरावं कलम त्यानं स्वतः, एकट्यानं, एका दुपारी लिहिलेलं होतं. घरातील मृत्यूची माहिती बालकास खरी, वेळेवर आणि वयाला साजेशा शब्दांत द्यावी. संचालकबाईंनी वाचून भुवया वर केल्या होत्या. "हे कुठून आणलंत, रा मोआबी? बाहेरच्या देशातलं दिसतंय." तो म्हणाला होता, संशोधन आहे. संशोधन कसलं! पण ते त्यांना काय सांगायचं. आज ते कलम आणि बाकीची सगळी कलमं घेऊन तो त्याच्याच गावी चालला होता, कारण आपल्याकडे कुठलंही धोरण गावोगावच्या खोत्लात, चावडीवर, लोकांपुढं मांडल्याशिवाय पुढं जात नाही. आणि बोनोलो बरोबर होती, कारण उद्या शनिवारी सेथुन्याचे कपडे नातेवाइकांत वाटायचे होते, आणि त्या वेळी पोर घरात नको म्हणून आज दुपारी चुलतभाऊ तिला त्याच्या पिकअपमधून लांब रानातल्या गुरांच्या वाड्यावर नेणार होता. सगळं ठरलेलं होतं. आईनं फोनवर ठरवलं आणि तो हो म्हणाला. हो म्हणताना त्याच्या डोक्यात अकरावं कलम आलंच नव्हतं, हे त्याला आत्ता, पंपावर, बाही पोरीच्या मुठीत असताना आठवलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना बाभळी, मधूनच रस्त्यात उभी असलेली गाढवं, हलायचं नाव नाही. नोव्हेंबर सरत आला, इकडचे पावसाचे दिवस, तरी आभाळ पांढरंफटक होतं. बोनोलो आता शांत होती. तिनं बाही सोडली ती मोआबीनं शपथ घेतल्यावर, की मी वाटेत कुठंही उतरणार नाही. "शू लागली तरी?" तिनं विचारलं होतं. "शू लागली तरी," तो म्हणाला. "मग गाडीत करशील?" "करीन." ती हसली नव्हती, तिनं गंभीरपणे मान हलवली होती. आरशात त्याला तिचं कपाळ दिसत होतं, सेथुन्याचंच कपाळ, पुढं आलेलं, लहानपणी त्यावरून तो बहिणीला चिडवायचा, पाऊस आला तर तुझ्या कपाळाखाली अख्खं घर मावेल. ती त्याला लाकूड फेकून मारायची. आपण तिला चिडवायचो आणि ती मारायची हे आता जगात एकट्या आपल्यालाच माहीत आहे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला गाडी चालवणं अवघड झालं. मग त्याला गुरांचा वाडा आठवला. त्याचा बाप गेला तेव्हा त्यालाही गुरांच्या वाड्यावर पाठवलं होतं. बाप जोहान्सबर्गच्या खाणीत असायचा, नाताळला यायचा, पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन. त्या वर्षी तो नाताळाच्या आधीच आला आणि खोकत झोपून राहिला. एका सकाळी चुलत्यानं मोआबीला उठवून बैलगाडीत बसवलं. वाड्यावर मजाच मजा होती. दूध धारोष्ण प्यायचं, सशांमागं धावायचं. परत आला तेव्हा आईचं डोकं भादरलेलं होतं आणि अंगावर गडद निळा झगा होता, आणि बाप परत खाणीवर गेला होता. असं सांगितलं होतं. तो दर नाताळला दक्षिणेकडून येणाऱ्या बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचा. थांब्यावरच्या बायका त्याच्याकडं बघून काहीतरी पुटपुटायच्या, एक जण तर त्याला नेहमी तळलेला गोळा द्यायची, माग्विन्या, गरम गरम. का देते हे त्याला कळलं नव्हतं. मग शाळेत मारामारी झाली आणि खाली पडलेला पोरगा रक्ताळलेल्या ओठांनी म्हणाला, "वाट बघ बापाची! तुझा बाप तर कधीच मेला!" सगळ्या गावाला माहीत होतं. त्या बाईला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, बस चालवणाऱ्याला माहीत होतं. बाप मेला याचं दुःख त्याला तेव्हा झालंच नाही. आपण एवढी वर्षं थांब्यावर उभे होतो आणि सगळे बघत होते, त्याची लाज वाटली. ती लाज अजून होती. तीच त्यानं अकराव्या कलमात लिहिली होती, सरकारी भाषेचा कोट घालून.

घराच्या फाटकाशी त्यानं बोनोलोला उतरवलं. ती आजीकडं धावली नाही, चालत गेली. मोआबीची आई, मा-मोआबी, सुतकाच्या काळ्या झग्यात, चुलीपाशी बसून मोठ्या भांड्यात ज्वारीचा घाटा ढवळत होती. पिकअप सावलीत उभी होती आणि तिच्यात पोरीसाठी घोंगडी आधीच टाकून ठेवलेली होती. "जा तू, लोक जमलेत," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "जेवण झालं की ही निघेल." त्याला म्हणायचं होतं, आई, थांब जरा. पण लोक खरंच जमले होते.

खोत्लात लाकडी ओंडक्यांच्या अर्धगोल कुंपणाच्या आत पुरुष आपापल्या बसक्या खुर्च्या घेऊन बसले होते, बायका दुसऱ्या बाजूला, त्या उकाड्यातही खांद्यावर शाली. प्रार्थना झाली, गावप्रमुखांनी मोआबीची ओळख करून दिली, म्हणजे तशी गरज नव्हती, इथल्या निम्म्या लोकांनी त्याला उघडा नागडा धुळीत खेळताना बघितलेला होता. तो बोलायला उभा राहिला. छडीवर लोक भांडले, पाण्याच्या टाक्यांवर सगळ्यांचं एकमत झालं. त्याच्या तोंडातून वाक्यं नीट येत होती, वर्षानुवर्षांची सवय असते ती. मन मात्र घरी होतं, घाटा शिजला असेल, तिला वाढलं असेल, ती हळूहळू खाते हे आईला माहीत आहे का? मग अकरावं कलम आलं. त्यानं ते वाचलं. आवाज त्याचा त्यालाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. म्हातारे रा-मोलेफी काठीवर भार देऊन उठले. "पोरा, एक सांग. लहान लेकराला मरण दिलंस तर ते त्यानं ठेवायचं कुठं? माझ्याएवढ्या माणसाला ठेवायला जागा पुरत नाही, त्याच्याकडं ती कुठनं येणार? आमच्या म्हाताऱ्यांनी लेकरांशी खोटं बोलायला सुरुवात केली ती काय मजा म्हणून केली?" लोकांनी माना डोलावल्या. मोआबीला ते पटलं. दोन वर्षं ज्याच्या विरुद्ध तो लिहीत होता ते त्याला एका क्षणात पटलं, आणि त्याला वाटलं, बरं झालं, आता काही करायला नको.

तेवढ्यात बायकांतून मा-दितिरो उठल्या. त्याच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. उठताना त्यांनी गुडघ्याला दोन शिव्या दिल्या, लोक हसले. "मी काही शिकलेली नाही," त्या म्हणाल्या, "पण हे कलम मला आवडलं. म्हणून विचारते. टोमणा नाही हा, रा मोआबी, तुमच्या बहिणीच्या मातीला मी होते. रात्रभर तुमच्या अंगणात भांडी मीच ढवळली. मघाशी तुमची भाची गाडीतून जाताना मला हात करून गेली. त्या लेकराला सांगितलं का कुणी?"

कुणी हसलं नाही. मोआबीनं हातातल्या कागदांकडे बघितलं. "नाही सांगितलं, मा," तो म्हणाला.

"मग कोण सांगणार? तिला बाप नाही."

"मामा सांगतो," दुसरीच कुणीतरी म्हणाली, सहज, भात मीठ घालून शिजवतात इतक्या सहज. आणि खरंच, आपल्यात बहिणीच्या पोराचं सगळं मामानंच बघायचं असतं. लग्न ठरलं की मामा, मेलं की मामा. हे त्याला जन्मापासून माहीत होतं. पुरुषांतून एक जण ओरडला, "सरकारला आधी स्वतःच्या घरी जाऊन येऊ द्या, मग आमच्या दारात!" आता मात्र लोक हसले, आणि मोआबीचे कान तापले. थांब्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं त्याला, सगळे बघतायत. पण या वेळी माहीत असलेल्यांतला तो एक होता आणि माहीत नसलेली दुसरी कुणीतरी होती. गावप्रमुखांनी हात वर करून हसणं थांबवलं. ते वयानं त्याच्याएवढेच होते, शाळेत एका बाकावर बसलेले. "कलम चांगलं आहे की वाईट ते आपण ठरवूच," ते म्हणाले. "आत्ता चहा घेऊ. मोआबीला घरी थोडं काम आहे."

तो जवळजवळ पळतच घरी आला. पिकअप अजून होती. इंजिन सुरू होतं आणि चुलतभाऊ चाकावर लघवी करणाऱ्या कुत्र्याला हाकलत होता. बोनोलो मागच्या हौद्यात घोंगडीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. "बंद कर," मोआबी त्याला म्हणाला. "अरे पण काकू म्हणाली…" "बंद कर रे गाडी!" तो खोलीकडं गेला. आत आई सेथुन्याचे कपडे जमिनीवर मांडून गठ्ठे करत होती. हा मावशीला, हा आत्याला. कपड्यांना अजून तिचा वास येत होता, खोबरेल आणि इस्त्रीचा. तो दारातच थांबला.

"आई, मी बोनोलोला सांगणार आहे."

आईनं एक झगा उचलला, घडी मोडली, परत घातली. "वर्ष होऊ दे."

"पंपावर मी म्हणालो गोळ्या आणतो, तर ती किंचाळली. तिला वाटलं मी पण चाललो. आई, तिला आता कुणी दुकानात गेलं तरी भीती वाटते."

आईनं घडी तळव्यानं दाबून बसवली. मग म्हणाली, "मी तिच्यासाठी नाही रे खोटं बोलले. सगळ्यांना वाटतं तिच्यासाठी बोलले. मी जर तिला सांगितलं असतं की तुझी आई मेली, तर ते मला माझ्या कानांनी ऐकावं लागलं असतं. आणि मग दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली असती?" तिनं झगा गठ्ठ्यावर ठेवला. "तुझ्या बापाच्या वेळी पण तसंच. तू त्या थांब्यावर जायचास. मला काय माहीत नव्हतं? मीच त्या बाईला पैसे द्यायचे, म्हणायचे त्याला गरम काहीतरी देत जा."

एवढी वर्षं त्यानं त्या लाजेत आईला कुठंच उभं केलं नव्हतं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला फार वाटलं, पण त्यांच्यात तशी पद्धत नव्हती. त्यानं तिच्या पायाशी पडलेली एक चप्पल उचलून गठ्ठ्यावर ठेवली.

"जा, सांग," ती म्हणाली. "इथं नको. माझ्या कानावर नको येऊ देऊ."

तो हौद्यात चढला. पत्रा तापलेला होता, घोंगडीच्या कडेला तो बोनोलोच्या शेजारी बसला. चुलतभाऊ समजून घेऊन लांब गेला आणि उगीचच कुंपणाची तार तपासायला लागला. मोआबीनं मनातल्या मनात सगळी वाक्यं जुळवून बघितली. झोपली म्हणावं, तर ही परत झोपणार नाही. देवाकडं गेली म्हणावं, तर देव म्हणजे अजून एक लांबचं दुकान. वयाला साजेसे शब्द कुठले असतात? त्यानं ते लिहिलं होतं आणि त्याला एकही शब्द माहीत नव्हता. बोनोलो नखानं पत्र्यावरचा गंज खरवडत होती. त्याला इतकी भीती वाटली की इंजिन सुरू करून तिच्याबरोबर आपणही वाड्यावर जावं असं वाटून गेलं. मग त्याला वाटलं, आत्ता नाही बोललो तर मी कधीच बोलणार नाही, आणि ही एक दिवस कुणाच्या तरी रक्ताळलेल्या तोंडून ऐकेल.

"बोनोलो," तो म्हणाला, "तुझी आई मेली. हिवाळ्यात. इस्पितळात. ती दुकानात गेलीच नव्हती. आम्ही तुला खोटं सांगितलं."

नख थांबलं. तो वाट बघत होता, किंचाळण्याची, किंवा तिनं त्याला मारण्याची. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, असं ती म्हणेल आणि त्याच्याकडं तो जसा गावाकडं बघायचा तसं बघेल, यासाठी त्यानं स्वतःला घट्ट धरून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या त्या पुढं आलेल्या कपाळाला बारीक आठी पडली होती, अवघड गणित घातल्यावर पडते तशी.

"मेली म्हणजे तिला येताच येणार नाही?"

"नाही येता येणार."

"तिला यायचं असलं तरी?"

"तरी नाही."

तिनं परत गंजावर नख फिरवलं. मग अगदी हळू आवाजात, कुणी ऐकू नये अशी, म्हणाली, "मी इस्पितळात तिच्याजवळ गेले नव्हते. ती म्हणाली, ये, इथं बस. मी गेले नाही. तिला औषधाचा घाण वास येत होता."

"बरं," मोआबी म्हणाला.

"म्हणून नाही ना गेली ती?"

"नाही गं. आजारानं गेली. तुझ्यावर ती रागावली नव्हती. तू घरी गेल्यावर मला म्हणाली, पोरगी घाबरली, तिच्यावर पुढच्या वेळी जबरदस्ती करू नका."

"तिला यायचं होतं?"

"फार यायचं होतं."

तेव्हा ती रडली. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, मामाच्या कोटात तोंड घालून. मोआबीही रडला आणि कुंपणापाशी चुलतभावानं तार सोडून दिली. पण रडणं पंपावरच्यासारखं नव्हतं. ते येत होतं आणि कमी होत होतं. मग अचानक तिनं त्याला ढकललं, हौद्यातून खाली उडी मारली, गुडघ्यावर पडली, उठली आणि खोलीकडं धावत सुटली. "बोनोलो, थांब! आजीला नको…" तो ओरडला, पण पाय पत्र्यात अडकला आणि तो दारात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

ती कपड्यांच्या मधोमध उभी होती. श्वास पुरत नव्हता, गाल ओले होते, आणि ती आनंदाची बातमी सांगावी तशी, आजीचा हात धरून हलवत सांगत होती, "आजी! आजी, आई मला टाकून नाही गेली! मेली ती!"

म्हातारी मटकन खाली बसली. हिवाळ्यापासून जे तिनं स्वतःच्या कानांवर येऊ दिलं नव्हतं ते आलं होतं. तिनं नातीला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हो गं बाळा. मेली माझी पोर."